शिसवाआधी अंगणातला फणस पाहा: कोकणात वाद्यं आणि फर्निचरसाठी लाकूड निवडणं, कापणं आणि सुकवणं

पखवाजाचं खोड असो, पेटीची (हार्मोनियमची) चौकट असो की माजघरातला झोपाळा, कोकणात चांगलं लाकूड म्हटलं की दोनच नावं पुढे येतात: साग आणि शिसव. सागाला पर्याय नाही असं सुतार सांगतो, शिसवाला पर्याय नाही असं वाजवणारा. दोघांचंही निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की बिघडलेल्या वाद्याचा आणि फाटलेल्या टेबलाचा दोष बहुतेक वेळा जातीचा नसतो. लाकूड ओलं असतं, चुकीच्या बाजूने कापलेलं असतं, नाहीतर त्यातला सालीलगतचा पांढरा भाग काढून टाकलेला नसतो. नीट सुकवलेला फणस हा घाईत वापरलेल्या शिसवापेक्षा केव्हाही सरस.

शिसवाचं झाड (डालबर्जिया लॅटिफोलिया) सावकाश वाढतं. खोडाला काळसर-जांभळा गाभा भरायला पाच-सहा दशकं जातात. जंगलातून ते ज्या वेगाने निघालं त्या वेगाने परत आलं नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ते असुरक्षित गटात आहे. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया वंशातल्या सगळ्याच जाती साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात आल्या, म्हणजे देशाबाहेरचा व्यापार परवान्यानेच. ब्राझीलचं शिसव त्याआधीच, १९९२ पासून, पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा व्यापार जवळजवळ बंदच. याचा अर्थ घरातला जुना शिसवी पलंग गुन्हा ठरतो असा नाही. पण नव्या कामासाठी शिसव मागताना ते खरंच लागणार आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. तबल्याच्या दायाँला घनदाट, जड लाकूड लागतं, तिथे उत्तर कदाचित हो येईल. कपाटाच्या दारांना मात्र नक्कीच नाही.

कोणत्या कामाला कोणतं झाड

फणसापासून सुरुवात करू, कारण तो जवळपास प्रत्येक परसात आहे. गाभा पिवळाधमक निघतो आणि दोन-तीन वर्षांत मधासारखा, मग तांबूस तपकिरी होत जातो. वजन साधारण सागाएवढंच, कधी थोडं कमी. गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. दक्षिणेत वीणा आणि मृदंग पिढ्यानपिढ्या फणसाचेच होतात, तेव्हा भजनाच्या पखवाजाला तो हलका पडेल ही भीती नको. अट एकच: जुनं झाड हवं. चार फुटांच्या आतल्या घेराच्या फणसात पांढऱ्या लाकडाचा वाटा फार असतो आणि कीड लागते ती नेमकी त्यालाच.

शिवण हे लाकूड आपल्याकडे उगाच दुर्लक्षित राहिलं. हलकं, फिकट, रंध्याखाली गुळगुळीत होणारं, आणि मुख्य म्हणजे हवेतल्या ओलाव्याने फारसं न हलणारं. पेटीची चौकट, पट्ट्या आणि ज्या फळीवर सूर बसवतात ती फळी यांना नेमका हाच गुण लागतो. ती फळी जराशी जरी वाकली तरी खालून हवा गळते, भाता जास्त मारावा लागतो आणि मंद्रातले सूर उशिरा बोलतात. लोक सूर बदलत बसतात, दोष असतो फळीत. शिवण पंधरा-वीस वर्षांत कापण्याजोगी होते. शिसवाच्या मानाने हा काळ काहीच नाही.

आंबा स्वस्त आणि मुबलक. ढोलकीची खोडं, खेळणी, पाट, घरातलं हलकं फर्निचर यांना चालतो. मात्र त्यात टिकाऊ असा वेगळा गाभा जवळजवळ नसतोच, म्हणून औषध न लावलेला आंबा हे किड्यांना आमंत्रण. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी कामात पांगारा आणि आंबा यांसारखी मऊ लाकडं चालतात, कारण त्यांवर रंगाचा आणि लाखेचा जाड थर बसतो. उघडं, पॉलिश केलेलं फर्निचर हा वेगळा खेळ आहे.

ऐन आणि किंजळ ही तुळया, वासे, दाराच्या चौकटी यांची झाडं. जड, कणखर, पण सुकताना चिरतात आणि हत्याराची धार खातात. टेबलाचे पाय करा, वरची फळी करू नका. बिवळ्याचं लाकूड सुंदर आणि मजबूत असतं, पण पाणी लागलं की पिवळसर-तपकिरी रंग सोडतं. पांढऱ्या भिंतीला टेकवून ठेवणार असाल तर आधी पॉलिश करा. खैर तबल्याला उत्तम, पण त्याची तोड कातासाठी आधीच इतकी होते की त्यावर आणखी भार टाकावासा वाटत नाही.

राहिला अकेशिया, म्हणजे सामाजिक वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ. रस्त्याकडेला आणि पडीक कातळावर ती भरपूर आहे, आपल्या रानाची नाही, आणि कापली तर जंगलाचं नुकसान होत नाही. गाभा सागासारखा तपकिरी असतो. तंतू एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे रंध्याखाली तंतू उखडतात आणि धार सतत लावावी लागते. चार फुटांपेक्षा लांब सरळ फळी क्वचित मिळते. खुर्च्या, स्टूल, छोटी टेबलं यांना मात्र ती सागाची बरीचशी जागा घेऊ शकते.

बाजारात ‘साग’ म्हणून मिळतो त्यातला बराचसा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीतला असतो. कमी वयात तोडलेला, म्हणजे पांढरा भाग जास्त आणि तेल कमी. बर्मा टिकच्या भावात तो घेऊ नका. म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे, त्यामुळे ‘बर्मा’ शब्द कानावर पडला की बिल आणि मूळ देशाचा दाखला मागायचा.

आधी कागद, मग करवत

कोकणात झाड पडतं वाऱ्याने आणि अडतं सातबाऱ्यावर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत आंबे, फणस आणि माड हजारोंनी आडवे झाले. त्यातलं कितीतरी सोन्यासारखं लाकूड जळणात गेलं, कारण ते उचलायचं कसं आणि कापायचं कुठे हे कोणी वेळेत ठरवलं नाही.

१९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्यात अनुसूचित झाडांची यादी आहे. साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, बिवळा, जांभूळ, चिंच ही सगळी तीत येतात. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी यातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. क्रम असा ठेवा. झाड पडलं असेल तर हलवण्याआधी बुंध्यासकट फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. उभं झाड तोडायचं असेल तर सातबारा, नकाशा आणि झाडांची यादी जोडून वनक्षेत्रपाल कार्यालयात अर्ज द्या. सातबारा सामायिक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आधीच गोळा करा. मुंबईतल्या चुलत्यांची सही हाच इथला सगळ्यात मोठा उशीर. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागतो आणि परवानगी नगरपरिषदेकडून घ्यावी लागते. सावंतवाडी-दोडामार्गच्या वन्यजीव पट्ट्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने वृक्षतोडीवर बंदी आहे, तिथे चौकशी केल्याशिवाय कुऱ्हाडही उचलू नका.

लाकूड गावाबाहेर न्यायचं तर वाहतूक पास लागतो का हे त्याच कार्यालयात विचारून घ्या आणि पास गाडीतच ठेवा. कापणी परवानाधारक गिरणीतच करा आणि पावती जपा. उद्या त्याच लाकडाची पेटी विकायची झाली तर हीच पावती तिचा जन्मदाखला.

मोजणी आणि कापणी

गिरणीत आणि वखारीत घनफूट काढतात ते चौथाई घेराच्या हिशेबाने. मधल्या भागाचा घेर इंचांत घ्या, त्याला ४ ने भागा, येणाऱ्या आकड्याचा वर्ग करा, लांबीच्या फुटांनी गुणा आणि १४४ ने भागा. ४८ इंच घेर आणि ८ फूट लांबीचा ओंडका: १२ × १२ × ८ ÷ १४४ = ८ घनफूट. प्रत्यक्षात त्यात १० घनफुटांहून थोडं जास्त लाकूड असतं. ही तफावत फसवणूक नाही, सालीचा आणि बाजूच्या कापांचा हिशेब त्यात धरलेला आहे. फळ्या मात्र साधारण चार-पाच घनफूटच हाती लागतील असं धरून चला. सालीसकट घेर मोजला की सालीशिवाय, हे भाव ठरण्याआधी बोलून घ्या.

तोड मार्गशीर्ष ते माघ या काळात करावी. हवा कोरडी असते, बुरशी धीमी असते आणि फळ्यांना पावसाआधी पाच-सहा महिने मिळतात. वैशाखात तोडलेलं लाकूड मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, रचेपर्यंत पाऊस येतो आणि पुढचे चार महिने ते सुकत नाही, नुसतं कुजत बसतं. पडलेल्या झाडाला महिना निवडता येत नाही, तेव्हा निदान टोकं त्याच दिवशी रंगवा. लाकूड तंतूंच्या दिशेने, म्हणजे टोकांतून, दहा-पंधरा पटींनी लवकर सुकतं आणि तिथूनच चिरा सुरू होतात. उरलेल्या ऑइल पेंटचे दोन जाड थर किंवा वितळवलेलं मेण चालतं. आंब्याचा ओंडका दोन आठवड्यांत कापा, नाहीतर निळे-काळे डाग आत शिरतात आणि ते रंध्याने जात नाहीत.

गिरणीवाला ओंडका एका बाजूने सरळ उतरवत जातो, कारण तसं लवकर होतं. टेबलाच्या साध्या फळ्यांना ते ठीक आहे. पेटीच्या सूर-फळीला आणि पट्ट्यांना मात्र वर्षवलयं फळीच्या जाडीत उभी दिसतील असा काप सांगून घ्या. त्यासाठी आधी ओंडक्याचे चार भाग करून मग फळ्या काढाव्या लागतात. वाया जास्त जातं, मजुरी वाढते. पण वलयांच्या दिशेने लाकूड आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते त्यांच्या आडव्या दिशेने आकसतं, आणि सूर-फळीत तेवढाच फरक जिंकतो.

सुकवणं

लाकूड कोरडं करायचं म्हणजे शून्यावर न्यायचं नसतं. ते ज्या हवेत राहणार तिथल्या ओलाव्याशी जुळवायचं असतं. किनाऱ्यावर पावसाळ्यात पडवीतलं लाकूड १८ ते २० टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, माघ-फाल्गुनात १२-१३ वर येतं. तीच वस्तू पुण्याच्या एप्रिलमध्ये किंवा मुंबईच्या एसी खोलीत गेली तर ८-९ पर्यंत उतरते. गिरणीत सरळ उतरवलेली १२ इंच रुंद सागाची फळी १८ वरून १२ टक्क्यांवर आली की सुमारे ३ मिलिमीटर आकसते. ही फळी दोन्ही कडांना स्क्रूने घट्ट आवळलेली असेल तर ती मधोमध फाटणारच, लाकूड कितीही भारी असो.

रचण्याची जागा मांगरात किंवा रुंद पागोळीखाली, उन्हापासून दूर. खाली जांभ्याचे चिरे मांडून जमिनीपासून दीड फूट उंची घ्या आणि दोरी लावून वरची पातळी एक करा. पाया वाकडा तर गठ्ठ्यातली प्रत्येक फळी वाकडी. दोन थरांमध्ये एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दीड-दीड फुटावर, आणि प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या अगदी वर. टोकाच्या पट्ट्या फळीच्या अगदी कडेला घ्या. ओल्या किंवा सालीच्या पट्ट्या वापरल्या तर फळीवर काळे आडवे डाग उमटतात. सगळ्यात वर चार-सहा चिरे वजनाला. दुपारचा खारा वारा गठ्ठ्याच्या लांब बाजूने आरपार जाईल अशी दिशा ठेवा, टोकांवर थेट आला तर चिरा वाढतात. पावसात ताडपत्री वरून छपरासारखी टाका. बाजूंनी गुंडाळलीत तर महिन्याभरात आत पांढरी बुरशी.

इंचभर जाडीची शिवण थंडीत रचली तर तीन-चार महिन्यांत तयार होते, फणसाला पाच-सहा लागतात. दोन इंची फणस किंवा ऐन यांना वर्ष तर लागतंच, मधला पावसाळा हिशेबात धरायचा नाही.

सुकलं की नाही हे हाताने कळत नाही. फळीच्या टोकापासून फूटभर आतून, रुंदीभर, एक इंचाचा तुकडा कापा आणि वजन करा. ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा, साधारण एक दिवस. आधी १६८ ग्रॅम आणि नंतर १५० ग्रॅम भरलं तर फरक १८, भागिले १५०, म्हणजे १२ टक्के. सुया टोचायचं मीटर सोयीचं, पण बोरॅक्स लावलेल्या लाकडात ते खोटा, जास्तीचा आकडा दाखवतं, कारण क्षारांतून वीज सहज वाहते. पेटीसाठीचं लाकूड हवेवर सुकवून झाल्यावर कामाच्या खोलीत आणखी महिना-दोन महिने ठेवा. बाहेरगावी जाणारी पेटी असेल तर भट्टीत १० टक्क्यांपर्यंत आणलेलंच लाकूड घ्या.

पखवाज आणि ढोलकीचं खोड

इथे फळीचे नियम चालत नाहीत. अख्खा ओंडका सुकायला ठेवला की तो फाटतोच. परिघावर लाकूड जास्त आकसतं, केंद्राकडे कमी, आणि हा ताण एका मोठ्या चिरेने मोकळा होतो. उपाय हा की ओला असतानाच तो पोकळ करायचा. पखवाजाला दोन फुटांहून थोडा लांब, गाभाच किमान १३-१४ इंच व्यासाचा तुकडा घ्या. मगज, म्हणजे अगदी मधला ठिपका, पोकळीतच गेला पाहिजे. मगज भिंतीत राहिला तर चीर तिथूनच येणार, हे लेथवर लाकूड कातणारा कातारी लगेच ओळखतो. लेथवर बाहेरचा ढोबळ आकार काढा, आत कोरून भिंत दीड ते दोन इंच जाड राखा. दोन्ही तोंडांच्या कडांना मेण लावा, आत त्याच लाकडाचा भुसा भरा आणि गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. पहिले दोन महिने घाई नको. भुसा काळपट, आंबूस झाला तर बदला. सहा महिन्यांनी गोणपाट काढा, वजन दर पंधरा दिवसांनी लिहून ठेवा, आणि सलग तीन नोंदी सारख्या आल्या की शेवटची कातणी करा. तोपर्यंत खोड किंचित लंबगोल झालेलं असतं. दीड इंचाची भिंत राखायची ती यासाठीच.

खोडाला केसाएवढी चीर आली तर टाकून देऊ नका. कोरड्या दिवसांत त्याच लाकडाची पाचर सरसासकट बसवा. पावसात बसवलीत तर चीर तेव्हा मिटलेली असते, पाचर लहान पडते आणि फाल्गुनात सुटते.

कीड

पॉलिशवर बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली की भुंगेरे पांढऱ्या भागातला स्टार्च खाऊन बाहेर पडलेले असतात. वरून रॉकेल फासून काही होत नाही. बंदोबस्त लाकूड ओलं असतानाच करायचा. १० लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. कापणीच्याच दिवशी फळ्या त्यात बुडवून काढा, एकावर एक घट्ट रचा आणि प्लास्टिकने झाकून इंची फळीला दोन आठवडे ठेवा, म्हणजे क्षार आत झिरपतात. मग पट्ट्या घालून नेहमीसारखं सुकवा. सुकलेल्या फळीवर हे द्रावण लावणं म्हणजे नुसता दिलासा. पावसात ते धुऊन जातं, म्हणून घरातल्या वस्तूंपुरतंच. पाट, पोळपाट, मुलांची खेळणी यांना लावू नका. बाहेरच्या वाशांना काजूच्या टरफलांचं तेल चांगलं, फक्त हातमोजे घाला, कातडी भाजते.

जोडणी, थोडक्यात

रुंद फळी कधीही पक्की ठोकू नका. चौकटीच्या खाचेत सैल बसवा, सरस फक्त मधल्या बिंदूला. पावसात बनवलेल्या खणाला अर्धा मिलिमीटर फट पुरते, उन्हाळ्यात बनवलेल्याला दोन ते तीन ठेवा, नाहीतर श्रावणात तो उघडणार नाही. खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजतो आणि ऐन, खैर, साग यांच्यात भोवती काळा डाग पाडतो. पितळ किंवा स्टेनलेस वापरा. लाखेचं पॉलिश जून ते सप्टेंबर करू नये, पांढरट पडतं.

शिसव घेतलंच तर

जुन्या वाड्यांच्या खांब-तुळयांतून निघालेलं शिसव आणि साग हे सगळ्यात चांगलं: सुकलेलं, हलायचं तेवढं हलून स्थिरावलेलं आणि नव्याने न तोडलेलं. खिळे शोधायला चुंबक फिरवा, नाहीतर गिरणीची करवत जाईल. आयात लाकडावर एफएससीचा (जंगल नीट राखून काढलेल्या लाकडाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा) शिक्का असेल तर त्यावरचा कोड संकेतस्थळावर तपासा, नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका.

परदेशातल्या भाच्याला शिसवी तबला पाठवायचा असेल तर २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं आणि त्यांचे भाग साइट्सच्या परवान्यातून मोकळे आहेत. इतर तयार वस्तूंना १० किलो शिसवी लाकडापर्यंत सूट आहे. व्यापारी निर्यातीसाठी हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेचं ‘वृक्ष’ प्रमाणपत्र घेतात. ही सूट ब्राझीलच्या शिसवाला नाही.

एका पखवाजामागे बांधावर चार शिवणी लावाव्यात. मेमध्ये दोन फुटांचे खड्डे, कातळ असेल तर बाहेरची माती आणि शेणखत, पहिला पाऊस मुरला की रोप. पहिली तीन वर्षं गुरांपासून कुंपण आणि खालच्या फांद्यांची छाटणी, म्हणजे खोडात गाठी राहत नाहीत. जुन्या शिसवाचा बुंधा बांधावर असेल तर रोपाचीही गरज नाही. बुंध्यापासून पाच-सहा फुटांवर पावसाच्या तोंडाला फूटभर खोल चर खणा. तुटलेल्या मुळांतून फुटवे येतात. त्यातला सरळ असेल तो एक ठेवा, बाकीचे दुसऱ्या वर्षी काढून टाका.